ॲम्ब्रोज बिअर्स मराठीत : कामाची नोंद, टप्पा ३

अमेरिकन कथाकार बिअर्सच्या, तिथल्या यादवी युद्धावरच्या कथांपैकी ‘चिकमॉगा’, ‘आकाशातला घोडेस्वार’ आणि ‘आउल क्रीक पुलावरची घटना’ यांचे खर्डे पूर्ण. ‘बेपत्तांपैकी एक’ अर्ध्यावर. भयकथांपैकी ‘द डॅम्ड थिंग’ नावापाशीच अडली आहे, तिचं शेवटी.

आधी पाठाचं. या तिन्ही कथा पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्झामिनर’ या दैनिकात आल्या, मग १८९१ च्या ‘टेल्स ऑफ सोल्जर्स अँड सिव्हिलियन्स’मध्ये, आणि पुढे १९०९ ते १९१२ दरम्यान निघालेल्या बारा खंडांच्या समग्र साहित्यात. काम समग्रच्या दुसऱ्या खंडावरून चालू आहे. दोन पाठ शेजारी ठेवून बरं वाटेल ते वाक्य उचलू नका, सांधा दिसतो. हक्कांची अडचण नाही. भारतात मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं. बिअर्स १९१३ च्या अखेरीस मेक्सिकोत गेला तो परतलाच नाही, त्यामुळे मृत्यूची तारीख कोणालाच माहीत नाही; पण जन्म १८४२ चा, म्हणजे हिशोब कसाही मांडा, मुदत उलटलेली आहे.

आता खरी डोकेदुखी. बिअर्स महत्त्वाची गोष्ट शेवटपर्यंत दाबून ठेवतो, आणि ती दाबतो एखाद्या सरकारी टिपणाच्या कोरड्या सुरात. इंग्रजीत ते जमतं. मराठीची क्रियापदं मात्र चहाडखोर. लिंग, वचन, आदर, सगळं आधीच सांगून मोकळी होतात.

‘चिकमॉगा’ घ्या. सहा वर्षांचा मुलगा लाकडी तलवार घेऊन रानात शिरतो, वाट चुकतो, झोपून जातो. झोपेतच लढाई उरकते आणि जागा झाल्यावर रांगत चाललेले जखमी शिपाई त्याला खेळ वाटतात. तो मुका-बहिरा आहे हे अगदी शेवटी कळतं. पहिल्या खर्ड्याचा घोळ असा, की मराठीत रान आलं की ‘सळसळ’ येते, पाचोळा आला की ‘चरचर’. शिपायांच्या प्रसंगात असे नादवाचक शब्द न कळत शिरले होते आणि शेवटची कलाटणी खोटी पडत होती. उपाय सोपा पण कंटाळवाणा. मुलाच्या नजरेतले परिच्छेद वेगळे काढायचे आणि त्यातला प्रत्येक नादवाचक शब्द, ‘ऐकू आलं’, ‘कानोसा घेतला’ हे सगळं खोडायचं. पक्ष्यांचं गाणं, दूरचं घुमणं, तोफांचा गडगडाट यांना हात लावू नका. ते निवेदकाचे आवाज आहेत. तोफा मुलाला ऐकू आल्या नाहीत हे निवेदक स्वतःच सांगतो, फक्त वाचक त्याचं खापर गाढ झोपेवर फोडतो.

याच कथेत मराठीने एक देणगीही दिली. रांगणारी पहिली आकृती मुलाला कळत नाही. कुत्रा, डुक्कर, की अस्वल? तिथे नपुंसकलिंगी ‘ते’. थोड्याच ओळींनी ती माणसं निघतात, तिथे अनेकवचनी ‘ते’. बोलीप्रमाणे अनुस्वार दिला तर ‘ते सरकत होतं’ आणि ‘ते सरकत होते’ अशी फट पडते. प्रमाण लेखनात दोन्हीकडे ‘ते सरकत होते’. जनावराचं माणूस कुठल्या वाक्यात झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून एवढी एकच कथा केले-गेले-होते या जुन्या वळणाने ठेवली आहे. सुरुवातीलाही ‘मुलगा’ नको, ‘मूल’च हवं, मुळातही लिंग दोन-चार वाक्यांनंतरच उघड होतं.

‘घोडेस्वार’मध्ये पहाऱ्यावरचा शिपाई कड्यावर उभ्या शत्रूच्या स्वाराच्या घोड्यावर गोळी झाडतो. इथे भूगोल चुकला की कथा कोसळते. बिअर्स यादवी युद्धात जनरल हेझनच्या हाताखाली नकाशे काढायचं काम करत होता, तो रस्त्याचं वळण उगाच लिहीत नाही. रस्ता दक्षिणेकडे चढतो, पश्चिमेला वळून माथ्यावरून शंभरेक यार्ड जातो, पुन्हा दक्षिणेला वळून उतरतो. दुसऱ्या वळणाच्या टोकाशी उत्तरेकडे पुढे आलेला सपाट खडक, खाली हजार फूट. आधी कागदावर काढा, मगच लिहा. त्या खडकाला पहिल्या खर्ड्यात ‘सुळका’ म्हटलं होतं. सुळक्यावर घोडा उभा राहील कसा? ‘कातळ’ आणि ‘कडा’ पुरतात. लॉरेल या झुडपाच्या जाळीची करवंदाची जाळी करायचा मोह मात्र आवरा, प्रसंग पश्चिम व्हर्जिनियातला आहे.

दुसरी अडचण बंदुकीची. तिचाही घोडाच. ‘त्याने घोडा चढवला’ आणि पुढे ‘घोड्यावर नेम धरला’ एकाच पानावर आलं की हसू येतं. ‘खटका ओढला’ असं केलं. पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाला बिअर्स सरळ ‘गुन्हेगार’ म्हणतो. तिथे ‘तो’ घालून शब्द मऊ करू नका, उपहास तिथेच आहे. शेवटच्या संवादात सार्जंट विचारतो, घोड्यावर कोणी होतं का? ‘होय.’ यावर ‘कोण?’ असा प्रश्न टाकला की उत्तर हातात आयतं येतं. ‘मग?’ एवढंच हवं. मग ‘माझे वडील.’ स्वाराला त्याआधी सगळीकडे ‘तो’, आदरार्थी रूप एकदाही नाही. वडिलांचं कर्तव्याबद्दलचं वाक्य कथेत दोनदा येतं; दोन्ही ठिकाणी शब्दन् शब्द तेच ठेवा.

‘आउल क्रीक’मध्ये कसोटी काळाची. फाशीच्या दोराने लटकलेल्या फार्करला सुटका झाल्याचा भास होतो. निवेदन भूतकाळात चालतं आणि घराच्या फाटकाशी अचानक वर्तमानात येतं, मग एका वाक्यात पुन्हा भूतकाळ. मराठी कथाकथनात वर्तमानकाळ सहज वापरतात, त्यामुळे आधी कुठेही तो आला असेल तर हा सांधा बोथट होतो. फाटकापर्यंत एकही वर्तमान क्रियापद नको. शेवटी ‘मेला होता’. ‘गेला होता’ आणि ‘वारला’ बाद. घड्याळाचा आवाज ऐरणीवरच्या घणासारखा येतो, तिथे ‘टिकटिक’ हा शब्द उलगड्याच्या वाक्याआधी लिहू नका. आणि मृत्यू वर्दी देऊन आला तर त्याला मानमरातबाने वागवायचं असतं, हे वाक्य आदरार्थी बहुवचनातच शोभतं: ‘मृत्यू हे बडे पाहुणे’. बाकी कुठल्याही पात्राला तो मान दिलेला नाही.

‘बेपत्तांपैकी एक’मध्ये एकच गोष्ट जपायची: ६ वाजून १८ मिनिटं आणि ६ वाजून ४० मिनिटं. मधल्या २२ मिनिटांत माणूस भीतीने मरतो आणि त्याचा सख्खा भाऊ प्रेत आठवडाभर जुनं ठरवतो. ‘साडेसहाच्या सुमारास’ लिहिलंत की कथा संपली. प्रेतावरच्या धुळीमुळे कपडे करडे दिसतात. करडा म्हणजे दक्षिणेचा गणवेश, निळा उत्तरेचा. मराठी वाचकासाठी हे संग्रहाच्या सुरुवातीला दोन ओळींत सांगायचं, तळटीप द्यायची नाही. ‘आउल क्रीक’मधल्या करड्या कपड्यांतल्या हेराचाही प्रश्न त्यानेच सुटतो.

राहिली ‘डॅम्ड थिंग’. तिचा रंग माणसाच्या डोळ्यांच्या पल्ल्याबाहेरचा, म्हणून ती दिसत नाही. ‘ब्याद’ जिभेवर बसतं, पण स्त्रीलिंगी झाल्यावर कोणीतरी बाई वाटते. ‘धूड’ नपुंसकलिंगी, पण धूड म्हटलं की आकार डोळ्यांपुढे येतो. ‘ते मेलं’ म्हणावं तर तिला हे नाव देणारा कथेतला मॉर्गन एकदम माजघरातला होतो. नाव अजून कोरं आहे. कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ज्युरीचा अशुद्ध भाषेतला निकाल मात्र जमला: पंचनाम्याच्या थाटात, ‘सदर मयत इसम’ असा सुरू होणारा.