गेट उघडेना, रिमोट मात्र ठणठणीत

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून भर पावसात फोन आला. "गेटचे सगळे रिमोट एकदम गेलेत, नवे घेऊन या." एखाददुसरा जातो हो, पण सगळेच एका रात्रीत? मी लॅपटॉप पिशवीत टाकला.

गेटपाशी सेक्रेटरीकाका रिमोटवर मोबाइलचा कॅमेरा धरून उभे. "बघा, उजेडच नाही. मेलाय." टीव्हीच्या रिमोटला ही युक्ती चालते, कारण त्यातला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश फेकतो आणि तो कॅमेऱ्याला जांभळट दिसतो. गेटचा रिमोट रेडिओवर चालतो, तिथे कॅमेरा काय बघणार? बटण दाबल्यावर लागणाऱ्या तांबड्या दिव्यावरही विसंबू नये. दिवा लागला म्हणजे बटण चालतंय आणि सेलमध्ये थोडाफार जीव आहे, एवढंच. सेलसुद्धा मोजायचा तो बटण दाबून धरून. तो १२ व्होल्टचा बारका सेल नुसता मोजला तर झकास ११ दाखवतो आणि भार आला की मान टाकतो. इथे तर सेलही चांगले निघाले.

मग लॅपटॉपला डोंगल जोडलं, हवेतले रेडिओ सिग्नल पडद्यावर रेघांत दाखवणारं. मुळात टीव्ही बघायला निघालेली ही स्वस्तातली वस्तू आमच्या धंद्यात फार कामाची. ४३३.९२ मेगाहर्ट्झ, म्हणजे या रिमोटची फ्रीक्वेन्सी, लावली, बटण दाबलं, पडद्यावर तुटक रेघ उमटली. म्हणजे रिमोट सिग्नल सोडत होता. पण अगदी तिला खेटून दुसरी एक रेघ होती, सलग, आणि बटण सोडलं तरी ती हलेना.

हे साधे रिमोट लहर चालू-बंद करून कोड पाठवतात. मधल्या रिकाम्या जागा कोणी भरून टाकल्या तर गेटच्या खांबावरच्या रिसीव्हरने वाचायचं काय? तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "साहेब, खांबाला टेकवून दाबलं की कधीकधी उघडतं." अरे, हे आधी सांगायचं ना! जवळून रिमोटचाच जोर जास्त पडत होता.

डोंगलची अँटेना काढून टाकली, म्हणजे अगदी जवळचंच काय ते दिसेल, आणि लॅपटॉप हातावर धरून जिना चढायला लागलो. मागे छत्री घेऊन काका. वरच्या मजल्यांवर रेघ पुन्हा दिसू लागली, गच्चीवर टाकीपाशी तर लखलखली. टाकीची पातळी खाली केबिनमध्ये दाखवणारा वायरलेस इंडिकेटर होता तो. डब्याचं झाकण अर्धवट लागलेलं, आत पाणी शिरलेलं, आणि ट्रान्समीटर अडकून अखंड चालू. सेलवर असता तर थोड्या वेळात आपोआप गप्प झाला असता. हा पडला अडॅप्टरवर.

प्लग उपसला, रेघ गेली. वॉचमनला फोन केला, त्याने रस्त्यापलीकडून बटण दाबलं आणि गेट सरकलं.

"मग आता टाकीचं कसं कळणार?" काकांचा पहिला प्रश्न. तारेवरचा साधा फ्लोट स्विच बसवा म्हटलं. ते लगेच पटलं. बिल हातात पडल्यावर मात्र म्हणाले, "नुसता प्लग तर काढलात!"