टॉवेल कोण टाकतं?

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि इंग्रजीच्या बाईंखेरीज दुसरं काही सुचेना. त्यांचं नाव सांगायची गरज नाही.

नववीत धड्यात ‘थ्रो इन द टॉवेल’ आलं होतं. मागच्या बाकावरून ‘त्याने टॉवेल आत टाकला’ असं उत्तर आलं आणि वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. “कुठे टाकला ते बघू,” म्हणत त्यांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर मुष्टियुद्धाचं रिंगण काढलं. आपला गडी आता मार सोसणार नाही असं दिसलं की कोपऱ्यातली त्याची माणसं आत टॉवेल टाकतात, लढत संपते. म्हणून अर्थ हार मानणे. आधी टॉवेलच्या जागी तोंड पुसायचा स्पंज असे. 1860 च्या सुमाराला स्पंज वर उडवणं म्हणजे शरण जाणं. टॉवेल विसाव्या शतकाच्या तोंडावर आला.

मग बाईंनी एक लढत सांगितली : 4 जुलै 1919, अमेरिकेतलं टोलेडो. जॅक डेम्प्सीने जगज्जेत्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा लोळवलं. गोंगाटात फेरी संपल्याची घंटा ऐकू आली नाही. जिंकलो समजून डेम्प्सी रिंगणाबाहेर पडला, त्याला परत बोलवावं लागलं. तिसऱ्या फेरीनंतर विलार्डच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. “त्याने स्वतः नाही टाकला,” बाईंनी बजावलं आणि हातातलं फडकं फळ्यावरच्या चौकोनावर फेकलं. खडूची धूळ पहिल्या बाकापर्यंत उडाली.

आज मी एका दैनिकाचं क्रीडा पान सांभाळतो. बातमीत टॉवेल आला की वार्ताहराला विचारतो, कोणी टाकला? नव्या मुलांना मनीलाची 1975 ची मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची लढतही सांगतो. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरला पुन्हा उठायचं होतं, पण प्रशिक्षक एडी फुच यांनी त्याला उठू दिलं नाही. टॉवेल हवेत गेला नाही, तरी बाईंनी शिकवलेला अर्थ तोच.

आता मुलांच्या हातात छापील अर्थांची गाइडं असतात. एका वाक्प्रचारावर अख्खा तास घालवायची सवड कुणाला नाही. फार वाईट वाटतं. समितीला विनंती एवढीच : सत्काराला शाल-श्रीफळ द्याच, पण बाईंना तासभर बोलू द्या.