पेन्स्टेमनची छाटणी

आज एकदाची पेन्स्टेमनची, म्हणजे घंटेसारखी फुलं येणाऱ्या माझ्या झुडपांची, छाटणी केली. इंग्लंडमधली थंडी एप्रिलपर्यंत दगा देते, म्हणून वाळक्या काड्या हिवाळाभर तशाच ठेवल्या होत्या. बुंध्याला तेवढंच पांघरूण. पाचोळा हलकेच बाजूला केला तर मातीलगत तांदळाच्या दाण्याएवढे कोंब! काळजात लख्ख झालं. त्यांच्या बरोबर वर कात्री चालवली.

त्यातल्या ‘गार्नेट’ जातीच्या झाडाच्या बुडाशी मात्र काहीच फुटलेलं नाही. गडद लाल घंटांचं हे माझं सगळ्यात लाडकं झाड. जमिनीलगत कापलं तर जायचंच, म्हणून सगळ्यात खालच्या पानांच्या जोडीवर थांबले. ऑगस्टमध्ये त्याच्या चार काड्या कुंडीत खोचून ठेवणार, आई जास्वंदीच्या खोचायची तशा. रोज सकाळी आधी त्यालाच बघायला जाणार.