विहिरीपासून अकरा पावलांवर

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेसाठी अक्का या जानेवारीत सोलापूरला आली होती. तिच्या मुक्कामातल्या दुसऱ्याच रात्री, दीडच्या सुमारास नळाला पाणी आले आणि आम्ही दोघी उठून हौद, पिंप, घागरी, अगदी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून घेऊ लागलो. सोलापुरात गेली कित्येक वर्षे पाणी तीन, चार, कधी पाच दिवसांआड येते, त्यामुळे आमच्या घरात या कामासाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. घागर कट्ट्यावर ठेवता ठेवता अक्का म्हणाली, "तुमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतंय, पण आलेलं पाणी प्यायला मला भीती वाटत नाही. माझ्या दारात विहीर आहे, आणि प्यायला मी जार विकत घेते."

अक्काचे सासर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात आहे. तिथे नगरपरिषद आहे, पाणीपट्टी आहे, घरपट्टी आहे आणि पर्यटकांसाठी दरवर्षी वाढत जाणाऱ्या खोल्या आहेत. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तर त्या किनाऱ्यावर तीन हजारांच्या वर पडतो. लग्न ठरले तेव्हा आमच्या आईला सगळ्यांत मोठे समाधान वाटले होते ते याच गोष्टीचे, की लेकीला पाण्यासाठी रात्र जागवावी लागणार नाही.

मागच्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा विहिरीला पाणी होते, पण ते मचूळ लागत होते. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर तिच्याखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. म्हणूनच उपसा वाढून ही पातळी अर्धा मीटर जरी खाली गेली, तरी कालांतराने खालचे खारे पाणी सुमारे २० मीटर वर चढू शकते. उन्हाळ्यात, पर्यटकांच्या गर्दीच्या दिवसांत, एकाच आळीत सात-आठ पंप एकदम चालू लागले की काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तरीही खारेपणा जिभेला कळतो. दुसरी गोष्ट कळत नाही. त्या शहरात भुयारी गटार नाही. प्रत्येक घराचा सेप्टिक टँक आणि त्यातले पाणी जिरवणारा शोषखड्डा घराच्या मागेच असतो, आणि जांभा हा सच्छिद्र दगड असल्यामुळे त्यात जिरलेले पाणी फार काळ एका जागी थांबत नाही. पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही स्रोतापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. अक्काच्या विहिरीपासून शेजारचा शोषखड्डा माझ्या अकरा पावलांवर आहे. शेजाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी घराला खोल्या वाढवल्या, त्यांना परवानगी मिळाली, आणि परवानगी देताना पलीकडची विहीर कोणी पाहिली नाही.

पाणी तपासायची एक लहान बाटली मिळते. त्यात खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचे आणि घरातल्या साध्या तापमानात २४ ते ४८ तास ठेवून द्यायचे. पाणी काळे झाले तर त्यात मैल्यातून येणारे जंतू असण्याची शक्यता मोठी. मी ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकताना पाहिले तेव्हा तळाशी करडी छटा होती, आणि संध्याकाळी दिवेलागणीला बाटली शाईसारखी काळी झाली होती. अक्काने काही न बोलता ती उचलली, कागदात गुंडाळली आणि मला म्हणाली, "पंचवीस वर्षं पोरांना हेच पाणी दिलंय मी."

नगरपरिषदेत तक्रार दिली, पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. पाणी मचूळ झाल्याचा बोभाटा झाला तेव्हा आळीत टँकर आला. टँकर आला की तक्रार संपली असे धरले जाते, याचाच मला राग आहे. विहीर बिघडण्याचे कारण विहिरीजवळ आहे, आणि टँकर त्या कारणाला स्पर्शही करत नाही.

यात सरकारी मोजमापाचाही एक विचित्र पेच आहे. पाणीपुरवठा योजनांच्या १९९९ च्या केंद्रीय निकषात मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहराला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जात असे, आणि नळ आहे पण गटार नाही अशा शहराला ७० लिटर. म्हणजे ज्या शहराला गटार मिळाले नाही, त्याच्या वाट्याला नळाचे पाणीही निम्मेच धरायचे. उरलेली गरज लोक विहिरीवर भागवतात, आणि त्याच विहिरींच्या कडेला शोषखड्डे असतात.

सोलापूरचे पाणी निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. चार दिवस रिकामी राहिलेली जलवाहिनी गळक्या सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढून घेऊ शकते, आणि नळाचे पहिले पाणी आम्ही सोडून देतो ते उगाच नव्हे. पण आमच्याकडे एक गोष्ट आहे. उजनी धरणात किती टक्के पाणी आहे हे इथे रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. त्या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृत साठा, आणि पाणी त्याच्याही खाली गेले की टक्केवारी उणे धरतात; त्यामुळे उन्हाळ्यात "उजनी उणे किती?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर रोज विचारला जातो. तो आकडा रोज जाहीर होतो म्हणून आम्ही भांडू शकतो. नदीतून सोडलेले पाणी शहराला पाणी देणाऱ्या औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत येता येता किती वाया गेले, जलवाहिनीतून किती आले, हे प्रश्न आकड्यांमुळेच विचारता येतात. मार्च २०२२ नंतर महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, त्या काळातही हा आकडा लोकांच्या हातात होता. अक्काच्या शहरातल्या विहिरींबद्दल असा एकही आकडा कोणी फळ्यावर लिहीत नाही. कोणती विहीर खारी झाली, कोणत्या पाण्यात जंतू सापडले, सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला, ही माहिती नगरपरिषदेने दर महिन्याला प्रभागातल्या फलकावर लावली, तर टँकरवर समाधान मानायला लोकच तयार होणार नाहीत.

यात्रेहून परतण्याच्या आदल्या दिवशी अक्काने माझ्या टेबलावर बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून तिने तीनदा कच्चा मसुदा खोडला. शेवटी एवढेच राहिले: गेल्या तीन वर्षांत प्रभागातल्या किती विहिरींच्या पाण्याची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष काय, आणि उपसलेला मैला गाळ कुठे नेऊन टाकला. १० रुपयांचे न्यायालयीन शुल्काचे तिकीट मी इथूनच आणून दिले. परत गेल्यावर तिने अर्ज दिला आणि आळीतल्या आणखी सहा घरांना पाणी तपासायच्या त्या बाटल्या वाटल्या. कालच्या फोनपर्यंत त्यांतल्या चार काळ्या झाल्या होत्या, आणि अर्जाच्या उत्तराच्या ३० दिवसांपैकी ११ दिवस सरले होते.