खाणीची गाडी आणि चिल्लीपिल्ली : आमची वाटचाल

२०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. त्या वर्षी काय झालं हे उसगाव, धारबांदोडा, साखळीकडच्या माणसाला सांगायला नको. ट्रक अंगणात उभे, खनिज वाहणाऱ्या बार्जी नदीत उभ्या, बँकेचे हप्ते तेवढे चालू. आमच्या शेजारच्या दादांकडे एक मिनीबस होती, खाणीवरच्या कामगारांची शिफ्टला ने-आण करणारी. ती फणसाखाली उभी राहिली. मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते आणि मुलांना वर्षातून एकदा बाहेर न्यायचं म्हटलं की गाडीवाल्यांच्या विनवण्या करत फिरत होते. एका संध्याकाळी दादा कुंपणापलीकडून म्हणाले, "बाई, गाडी उबी आसा. तुमी भुरगीं हाडात." म्हणजे गाडी उभीच आहे, तुम्ही मुलं आणा. लहान मुलांच्या सहली काढायच्या आमच्या भागीदारीचा करार एवढाच. कागद पुष्कळ नंतर झाला, तोही सीएने डोकं खाल्लं म्हणून.

पहिली सहल बोंडल्याला नेली. घरापासून जवळ, आणि आठ चौरस किलोमीटरचं लहानसं अभयारण्य. तिथलं प्राणिसंग्रहालय लहान मुलाच्या पायांना झेपतं. परमिट बदलणं, पासिंग, टॅक्स यांतल्या फेऱ्या धंद्यातल्या माणसाला माहीत आहेत, त्या इथे लिहून कागद वाया घालवत नाही.

आमचा नियम पहिल्यापासून एकच, एका दिवसाला एक जागा. सहा वर्षांखालच्या मुलाला गोवा दाखवायचा नसतो, त्याला गोव्यातली एक गोष्ट पोटभर हाताळू द्यायची असते. पालकांना हे पटवताना माझी अर्धी हयात गेली. "एवढे पैसे देऊन फक्त रायबंदरची फेरीबोट आणि चोडणचं कांदळवन?" असं विचारणारे बाबा परतीच्या वाटेवर स्वतःच निवट्यांच्या गोष्टी सांगतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे निवटे, चिखलात राहणारे छोटे मासे, पुढच्या पंखांवर रेटत चिखलातून सरकतात, मध्येच उडी मारतात, एकमेकांवर फणा उभारतात. चोडणच्याच डॉ. सलीम अलींच्या नावाच्या अभयारण्यात जाऊन पक्षी एकही नीट न बघता, तासभर निवटे बघून खूश झालेली पोरं मी आणली आहेत. पक्ष्यांना दुर्बीण लागते आणि चार वर्षांच्या मुलाला ती डोळ्यांवर स्थिर धरता येत नाही. त्याला दुर्बीण देऊन उपयोग काय?

म्हणून आमच्या गाडीत दुर्बीण नाही. काय आहे ते सांगते.

पहिली दोरी. साध्या सुताची, जाड, हातभर अंतरावर कापडाच्या कड्या शिवलेल्या. प्रत्येक कडी वेगळ्या रंगाची आणि प्रत्येक मुलाचा रंग ठरलेला. पुढे मी, मागे दादांची बायको. फेरीच्या धक्क्यावर, मंदिराच्या पायऱ्यांवर, रस्ता ओलांडताना हात कडीत. नायलॉनची दोरी घेऊ नका, तळवे कापते. दुसरी वस्तू पांढरे एनॅमलचे ट्रे, दवाखान्यात असतात तसले. हणजुण्याच्या खडकांत ओहोटीला जी डबकी राहतात, त्यातलं पाणी जिवासकट ट्रेमध्ये घ्यायचं. काळ्या खडकावर जे दिसतच नाही, ते पांढऱ्यावर लख्ख दिसतं. एकदा एक शंख ट्रेमध्ये नुसता पडून होता. मुलांनी दम धरला आणि आतून आधी दोन मिशा, मग एक नांगी, मग अख्खा खेकडा घर पाठीवर घेऊन चालू लागला. एक मुलगी त्याला म्हणाली, "तुझं भाडं किती?" मग ट्रे जिथून भरला त्याच डबक्यात ओतायचा. शंख-शिंपले खिशात भरून घरी न्यायचे नाहीत. काही जातींना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते नसलं तरी त्या खेकड्याला घर लागतं.

तिसरी वस्तू लाइफ जॅकेट. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. मोठ्यांचं जॅकेट घट्ट बांधून मुलाला घालणारे बोटवाले आजही आहेत. मुलाच्या वजनाप्रमाणे जॅकेट हवं आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघायचं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं, मुलाला बोटीत बसवू नका. आमची जॅकेटं आमच्या गाडीत असतात, बोटवाल्याचा राग आला तरी चालेल.

आणि भरती-ओहोटीचं कोष्टक. ते माझ्या पर्समध्येच असतं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या रविवारची वेळ पुढच्या रविवारी उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत लांब जातं, खडकांची सहल तेव्हाच. चोडणच्या खाडीत होडीतून जायचं तर मात्र भरती पाहिजे. हे जमवायचं, त्यात मुलांची दुपारची झोप बसवायची आणि स्वच्छ शौचालय कुठे आहे ते आधी जाऊन बघून यायचं. आमच्या धंद्याची सगळी विद्या यात आली.

दादांबद्दल एक सांगायलाच हवं. २०१५त खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना जुन्या कंपनीचा निरोप आला. महिन्याचे ठरलेले पैसे, घासाघीस नाही, उलट्या पुसायला नकोत. मी दोन रात्री नीट झोपले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडीच्या मागच्या बाकाला नवं रेक्झिन घालून घेऊन आले, निळं, वर मासे छापलेलं. त्यावर आम्ही कधी काही बोललो नाही. २०१८च्या मार्चमध्ये खाणी परत थांबल्या तेव्हा लोक त्यांना म्हणाले, "तुला आधीच कळलं होतं." दादा म्हणाले, "म्हाका मासे आवडतात."

मधली वर्षं बरी गेली.

आता त्या माणसाबद्दल. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पणजीकडचा. आमच्या सहलीला स्वतःच्या दोन मुलांना घेऊन पालक म्हणून आला होता, पूर्ण पैसे भरून. गोड बोलला. दोरीचे फोटो काढले, ट्रेचे काढले, दादांना डिझेल किती लागतं ते विचारलं. मला वाटलं, हौशी आहे. पुढच्या हंगामात त्याची गाडी आली, तीच रंगीत कड्यांची दोरी घेऊन. पत्रकातली वाक्यंसुद्धा माझी, "पोटभर हाताळू द्या" जसंच्या तसं. दोरी नायलॉनची होती हा भाग वेगळा. वर त्याचा दर आमच्यापेक्षा कमी, गाडीत गाणी, फुगे, आणि एका दिवसात तीन जागा. सकाळी मिरामारचं विज्ञान केंद्र, दुपारी आग्वाद, संध्याकाळी जुनं गोवं. पालक खूश, कारण फोटो तिपटीने. दुपारी दोनच्या उन्हात आग्वादच्या तटावर रडणारी पोरं फोटोत येत नाहीत.

तेही मी सोसलं असतं. धंद्यात नक्कल व्हायचीच. पण त्याने शाळांमध्ये जाऊन सांगितलं की आमची ती "खाणीची गाडी" आहे. गाडी खाणीचीच होती, खोटं काय त्यात? सीटच्या रुळांत लाल माती इतकी बसलेली की किती धुतली तरी पावसाळ्यात परत पाझरायची. पण तो शब्द त्याने असा वापरला की बायका नाक मुरडायला लागल्या. एका शाळेने, जिचं आमच्याशी वर्षानुवर्षं जमलेलं होतं, सहलीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून रद्द केलं. डबे सांगितलेले, होडी सांगितलेली. ॲडव्हान्स परत मागितला, आणि तो मी दिला. त्या बाई मला आजही बाजारात भेटतात, मीही हसते.

या सगळ्याला उत्तर म्हणून आम्ही नवी गाडी काढायचं ठरवलं. कर्ज मंजूर झालं, २०२०च्या जानेवारीत गाडी दारात आली, मार्चमध्ये देश बंद झाला. पुढचं प्रत्येकाला माहीत आहे, आणि ज्याचा ज्याचा धंदा शाळांवर होता त्याला जास्तच माहीत आहे. उन्हाळी शिबिरांचे ॲडव्हान्स आलेले होते. मी वही घेऊन बसले आणि एकेकाला पैसे परत पाठवले. त्या पणजीकराने कुणाला काय दिलं हे मला विचारू नका, त्याच्याच पालकांना विचारा.

म्हापशाच्या आजींचं पाकीट मात्र परत आलं. या आजी आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक आणि सगळ्यात त्रासदायक. पाण्याच्या थर्मासमध्ये बोट घालून बघणार, आमचे डबे असताना स्वतःचे फोव (पोहे) आणणार, सुटण्याच्या वेळेत पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर सगळ्या गाडीला ऐकवणार. नातवंडांचे पैसे परत पाठवले तर पाकिटात चिठ्ठी घालून उलट टपाली पाठवलेले, "पैसे तुझ्याकडे असू दे. व्याज म्हणून इथून पुढे उजवीकडची पहिली खिडकी आमची." ती खिडकी आजही त्यांचीच आहे. आता तिसरं नातवंड तिथे बसतं.

पण एका पाकिटावर हप्ता भरत नाही. जुलैपर्यंत परिस्थिती अशी आली की नवी गाडी विकायची, मिळेल त्या भावात. गिऱ्हाईक येऊन चाक लाथाडून गेलं. तेव्हा दादांनी जुन्या गाडीचे बाक काढले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, २२ ऑगस्टला, आणि सत्तरी तालुक्यातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान फोंड्याच्या बाजारात आणणाऱ्यांना वाहन मिळत नव्हतं. दादा पहाटे निघायचे. सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, कांगलां, घागऱ्या, रानातलं काय काय भरून आणायचे. भाड्यात हप्त्याचं व्याज तरी सुटलं. बँकेने दिलेली सवलत आणि हे भाडं, या दोन कुबड्यांवर आम्ही ते वर्ष काढलं. नवी गाडी राहिली.

त्यातूनच एक काम उभं राहिलं. माझ्या पुतण्याने गाडीत शिरून विचारलं, "हे काय? खायचं का?" मला दिसलं की दरवर्षी गणपतीवर टांगलेली माटोळी बघणाऱ्या मुलाला त्यातली चार फळंही ओळखता येत नाहीत. निर्बंध सैल झाल्यावर आम्ही एका वेळी एकच कुटुंब घेऊन चवथीआधी सत्तरीत जायला लागलो. ज्याचं रान त्याच्यासोबत चालायचं, फळ हाताने तोडायचं, वास घ्यायचा, मग घरी जाऊन आपल्या माटोळीला बांधायचं. आमची सगळ्यात आधी भरणारी सहल आता हीच आहे. पणजीकराला हिची नक्कल जमलेली नाही. पहाटे पाचला उठून रानात जायला लागतं आणि तिथे फुगे लावायला जागा नाही.

त्याने पुढे लग्नाच्या सजावटीत पैसा घातला. मागच्या डिसेंबरात त्याची गाडी बंद पडली तेव्हा आमची नवी गाडी भाड्याने मागायला त्याचाच फोन आला. दादांनी दिली. पर्यटकांचा दर लावला, डिझेल वेगळं, पैसे आधी.

कुणी विचारलं नसलं तरी लहान मुलं घेऊन निघणाऱ्यांना थोडं सांगते. दूधसागरला चार वर्षांखालचं मूल नेऊ नका. कुळ्याहून जीपने हाडं खिळखिळी होतात आणि मुलाला धबधब्यापेक्षा जीपच्या रांगेतली वाटच लक्षात राहते. पाणीच दाखवायचं तर हरवळे आहे, गाडीतून उतरलं की थोड्या पायऱ्या. जून ते सप्टेंबर समुद्रात पाय घालू नका. पावसात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला असतो, देवकीकृष्णाच्या समोरच्या मैदानात. मुलाला जुने कपडे, अंगाला तेल, आणि तुमचा फोन घरी. तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर मोठ्यांसाठी आहे, पण शेजारच्या ओहोळात बसायचं असेल तर मुलांसाठीही आहे. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी चुकवू नका. पायरीवर बसून मुलं टाळ्या वाजवतात आणि खालून बुडबुडे येत राहतात. पाणी आपलं ऐकतं असा त्यांचा समज होतो, तो मोडू नका. वाट वळणांची आहे, निघताना दूध पाजू नका, आलं-लिंबू जवळ ठेवा, आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. उजवीकडची पहिली खिडकी सोडून.

नौदलाचं विमान संग्रहालय दाबोळीहून बोगमाळोच्या वाटेवर आहे. उभी विमानं बघून तुमचं मूल वेडं होईल, पण सोमवारी जाऊ नका, बंद असतं. बोंडला गुरुवारी बंद, म्हणून गाड्यांचं काम आम्ही गुरुवारी काढतो. चौकशी करायची तर त्या दिवशी मला करा. दादा गाडीखाली असतात, आणि तिथून ते सगळ्यांना एकच दर सांगतात, तो नेहमी जुना असतो.