सूक्ष्मपिपेट प्रकल्प: हवा हद्दपार, पहिला थेरॉन्ट हाती

एक थेरॉन्ट (माशांवर पांढरे ठिपके आणणाऱ्या इक्थिओफ्थिरियस या एकपेशीय परजीवीची मोकळी पोहणारी अवस्था), अगदी एकटा, सूक्ष्मपिपेटने मूळ थेंबातून उचलून शेजारच्या स्वच्छ थेंबात सोडता आला आणि तो तिथे पोहत राहिला. मागच्या नोंदीपासून पिपेटच्या शोषणाचे जे अडून बसले होते ते सुटले, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

यांत्रिक बाजूबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पिपेटचे टोक हलवणारी ओपनफ्लेक्शर ब्लॉक स्टेज (थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारा सरकता मंच) छापून झाल्यापासून तिने कधीच त्रास दिलेला नाही. तिन्ही अक्षांवर सुमारे २ मिलिमीटरची हालचाल मिळते आणि एक पाऊल १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान पडते. स्टेज फिरवणाऱ्या २८बीवायजे-४८ या छोट्या स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटरच्या दंतचक्रांतली ढिलाई सर्वांना ठाऊक आहेच. प्रत्येक लक्ष्याकडे नेहमी एकाच बाजूने जायचे, हा नियम प्रोग्राममध्ये घातला की ती जाणवत नाही. या मोटरला स्वस्त म्हणून नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या वस्तूंपैकी दिलेल्या पैशाचे इतके चीज करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

काहींनी विचारले होते की माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीऐवजी क्रिप्टोस्पोरिडियम हा माणसाला जुलाब लावणारा परजीवी का घेत नाही. त्याचा ऊसिस्ट (कवचबंद अवस्था) ४ ते ६ मायक्रॉनचा असतो, नेहमीच्या क्लोरिनला तो दाद देत नाही, आणि १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याने पिण्याच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले होते. असली वस्तू घरच्या टेबलावर आणायची नाही, हे माझ्यापुरते ठरलेले आहे. इक्थिओफ्थिरियस माणसाच्या वाटेला जात नाही, त्याचा थेरॉन्ट ३० ते ५० मायक्रॉनचा असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या साध्या ऑब्जेक्टिव्हखालीही स्पष्ट दिसतो, आणि विलगीकरणाच्या टाकीतल्या आजारी मोली माशावरून त्याचा नमुना मिळतो. मात्र माशाशिवाय त्याचे चक्र पुरे होत नाही आणि माशाबाहेर थेरॉन्ट जेमतेम एक-दोन दिवस तग धरतो, त्यामुळे प्रयोगाची वेळ आपण नव्हे, तो ठरवतो.

आता मुख्य दुखणे. पिपेटचे टोक थेरॉन्टपाशी अचूक नेता येत होते, पण ते शोषत होते स्वतःच्या मर्जीने. पिपेटला जोडलेल्या सिरिंजचा दट्ट्या मोटरने मागे घेतला तरी आधी काहीच होत नसे, आणि मग एकाएकी अर्धा थेंब थेरॉन्टसकट आत ओढला जाई. मोटर थांबवल्यावरही प्रवाह थांबत नसे. कधी तर मोटर बंदच असताना टोकातून उलटे बुडबुडे येत.

याचे कारण कागदावर मांडल्यावर लख्ख दिसले. स्पिरिटच्या दिव्यावर ओढलेल्या माझ्या काचनळीच्या टोकाचा आतला व्यास सुमारे ६० मायक्रॉन आहे. एवढ्या अरुंद तोंडाशी पृष्ठताणामुळे जवळपास ४८०० पास्कल, म्हणजे अर्धा मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब निर्माण होतो. त्यावर मात करण्यासाठी मी सिरिंजमधल्या १ मिलिलिटर हवेवर भिस्त ठेवली होती, आणि हवा म्हणजे स्प्रिंगच. मला हवे असतात ते ५ ते १० नॅनोलिटर, आणि इथे दाब १०० पास्कलने बदलला की हवेचे आकारमान १००० नॅनोलिटरने बदलते. तापमानाचे तर विचारूच नका. तेवढीच हवा १ अंशाने तापली की सुमारे ३३०० नॅनोलिटरने फुगते. सिरिंजजवळ नुसता हात नेला, किंवा सीलिंग फॅन सुरू केला, तरी टोकाशी पूर का येत होता, याचा उलगडा झाला.

म्हणून सगळी हवा काढून टाकली. टाकीचेच पाणी उकळून, झाकून थंड केले, कारण न उकळलेल्या पाण्यात विरघळलेली हवा नंतर नळीच्या भिंतीवर बुडबुड्यांच्या रूपाने हटकून जमते, आणि त्या पाण्याने टोकापासून दट्ट्यापर्यंतचा मार्ग भरला. पॅराफिन तेलाचा सल्ला पुष्कळ जण देतात. मीही ते वापरून पाहिले, पण टोकाशी तेलाचा एक जरी गोळा आला तरी दृश्य बिघडते आणि काच पुन्हा स्वच्छ होत नाही. या आकाराच्या कामाला पाणीच बरे.

पूर थांबला, पण मोटर थांबल्यावर प्रवाह थोडा रेंगाळत राहिला. तो दोष प्लास्टिकच्या सिरिंजच्या रबरी दट्ट्याचा निघाला. रबर आधी चिकटून राहते, मग झटक्याने सरकते, आणि थांबल्यावर सावकाश आपला आकार परत घेते. अखेर प्रयोगशाळेच्या जुन्या सामानातून १०० मायक्रोलिटरची काचेची, पोलादी दट्ट्याची सिरिंज मिळवली. तिचा दट्ट्या ६० मिलिमीटर सरकतो, त्याला एम३ पेच जोडला आहे, त्याचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे आहेत आणि मोटर एका फेऱ्यात ४०९६ पावले टाकते, म्हणजे दर पावलाला सुमारे ०.२ नॅनोलिटर. मधली मऊ सिलिकॉनची नळी काढून तिथे टेफ्लॉनची कडक नळी बसवली. एका विक्रेत्याने टेफ्लॉन म्हणून जी नळी पाठवली ती चिमटीत दाबली की चपटी होत होती, तेव्हा नळी हातात घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये, एवढे सांगून ठेवतो.

त्यानंतरचे दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. थेरॉन्ट स्वतःभोवती गरगरत टोकासमोरून जातो, चाळीसेक पावलांचे शोषण सुरू होते, तो क्षणभर प्रवाहाविरुद्ध झुंजतो आणि मागच्या बाजूने आत ओढला जातो. आत गेल्यावरही तो गरगरत राहतो, काचेला धडकतो, वळतो, पण नळीतले पाणी आता जागचे हलत नाही. नव्या थेंबात तेवढीच पावले उलटी टाकली की तो बाहेर.

पाठलागासाठी कॅमेऱ्यावरून माग काढणारा प्रोग्राम अर्धा लिहून झाला आहे, पण तो आता बाजूला ठेवावासा वाटतो. थेरॉन्टना प्रकाशाची ओढ असते. थेंबाच्या एका कडेला मंद एलईडी लावला तर ते आपणहून तिथे जमतील आणि टोकाने तिथेच दबा धरून बसायचे. रोबोने धावायचे कशाला?

हे लिहिता लिहिता आणखी एक कल्पना सुचली. १९०४ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या मार्शल बार्बर यांनी काचेच्या पिपेटने एकेक जीवाणू वेगळा केला होता, आणि पुढे त्यांनी पिपेटमध्ये पारा भरून तो तापवून-निववून दाब निर्माण केला. ज्या तापमानाने मला छळले त्यालाच त्यांनी कामाला लावले होते. पारा घरात नको, पण पाण्याचा हिशेब मोहात पाडणारा आहे: २५ अंशांच्या आसपास १०० मायक्रोलिटर पाणी १ अंशाने तापवले तर ते सुमारे २६ नॅनोलिटरने प्रसरण पावते. म्हणजे बंद नळीभोवती एक तापणारा रोधक (रेझिस्टर) गुंडाळला आणि तापमान दशांश अंशापर्यंत राखता आले, तर पेच, मोटर आणि दट्ट्या यांपैकी कशाचीच गरज उरणार नाही. थंड होण्याचा वेग हीच खरी अडचण ठरेल, कारण शोषण त्यावरच अवलंबून राहील. पुढचा नमुना हाती येईपर्यंत थेरॉन्टऐवजी शाईच्या थेंबावर हे तपासून पाहतो. एवढ्या लहान नळीला चिकटवता येईल असा, चटकन प्रतिसाद देणारा थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोधक) कोणी वापरला असेल तर जरूर कळवावे.