विचार सोडायचा, पण कुठला?

रविवार, रात्री

आज दुपारभर कमलशील या बौद्ध आचार्याचा 'भावनाक्रम' हा ध्यानावरचा ग्रंथ घेऊन बसलो होतो. शून्यता (कुठलीच गोष्ट स्वतःच्या बळावर नसते, हे बौद्ध तत्त्व) शब्दांपलीकडची, मग ग्रंथांची उठाठेव हवी कशाला, विचार गळून पडले की झालं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा वाद निदान बाराशे वर्षं जुना आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस तिबेटात साम्ये विहारात तो झडला, ठिसोंग देत्सेन राजाच्या काळात: एका बाजूला चिनी भिक्षू मोहेयान, दुसऱ्या बाजूला भारतातून गेलेला कमलशील. मोहेयानच्या तोंडी घातला जाणारा दाखला देखणा आहे. ढग पांढरे असोत की काळे, आभाळ झाकायचं ते झाकतातच, चांगल्या-वाईट विचारांचंही तेच. (जिंकलं कोण, ते विचारू नये. तिबेटी बखरी कमलशीलाला विजयी करतात, चीनमधल्या दुनहुआंगला सापडलेलं चिनी टिपण मोहेयानला.)

कमलशीलाचं उत्तर मात्र मला बिनतोड वाटतं. अमुक आठवायचं नाही असं ठरवताना ते आठवावंच लागतं. आणि मन नुसतं कोरं होण्यालाच निर्विकल्प (विचारांपलीकडचं) ज्ञान म्हणायचं, तर बेशुद्ध पडलेल्यालाही ते झालं म्हणावं लागेल!

खरी मेख याच्याही खाली आहे. शून्यता म्हणजे काहीतरी नसणं; मग काय नाही, ते आधी नेमकं कळायला नको? घडा नाही असं नव्हे. कारणांवर, भागांवर, नाव देणाऱ्यावर न विसंबणारं, स्वतःच्या बळावरचं असणं आपण घड्याला चिकटवतो, ते नाही. तिबेटी आचार्य चोंखापाच्या परंपरेत 'ज्याचा निषेध करायचा ते आधी ओळखा' यावर म्हणूनच एवढा भर. आणि तिथले आचार्य एक युक्ती सांगतात: खोटा आळ आला की तेव्हा उसळणारा 'मी' नीट बघून घ्या.

तशी संधी मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये मिळाली. हिशेबावरून एकानं माझ्याकडे बघत टोमणा मारला. कान तापले, घसा कोरडा पडला आणि आत कुणीतरी ताडकन उभं राहिलं: माझ्यावर? तो 'मी' शरीर नव्हता, मनही नव्हता. दोघांचा मालक असल्याच्या थाटात होता. डोळे मिटून शांत बसलं की हे गृहस्थ निवतात खरे, पण पुढच्या टोमण्याला जसेच्या तसे हजर. कारण तुम्ही राहता कुठे, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

ते विचारतो शून्यतेचा थोर आचार्य नागार्जुन, त्याच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या अठराव्या प्रकरणात. आत्मा म्हणजे स्कंधच (शरीर-मनाचे घटक) असतील तर तो त्यांच्यासारखा उपजेल आणि नासेल. स्कंधांहून वेगळा असेल तर त्यांचं एकही लक्षण त्याच्यात नसेल. पुस्तकात हे वाचून मान डोलते, एवढंच. तापलेल्या कानांसकट तो 'मी' समोर धरून विचारलं, तेव्हा कुठे त्या श्लोकाला धार आली. टोमणा सापडला, राग सापडला, जुन्या दोन-चार आठवणीही सापडल्या. मालक काही सापडला नाही.

हे अर्थात अनुमान. श्रुत (ऐकणं-वाचणं), चिंतन, भावना (ध्यानात मुरवणं) यांपैकी फार तर दुसरी पायरी. शून्यतेची मनातली प्रतिमा म्हणजे शून्यतेचं प्रत्यक्ष दर्शन नव्हे, आणि ही प्रतिमाही कधीतरी जायची आहे. त्यासाठी कमलशील सूत्रातला दाखला देतो: दोन लाकडं घासून निघालेला अग्नी त्या लाकडांनाच जाळतो. पण घासायचं टाळून चालत नाही.

विचार नको म्हणणाऱ्यांची धास्ती अगदीच खोटी नाही. शून्यतेचंच मत करून बसणाऱ्याला नागार्जुन असाध्य म्हणतो, आणि असे वादपटू मी पाहिलेत, जरा डिवचलं की पेटणारे. माझ्या मते त्यांचा विचार जास्त झालेला नसतो. तो समोरच्याच्या मतांवरच खर्ची पडलेला असतो.

उद्या त्याच प्रकरणातला दुसरा श्लोक. आत्माच नसेल तर 'माझं' म्हणून काही कुठून येणार? सोसायटीचे हिशेब अजून माझ्याकडेच आहेत, त्यामुळे तपासायला माल भरपूर.